राउटरवर सही कुणाची?

भारत सरकारचा प्रत्येक आदेश राष्ट्रपतींच्या नावाने निघतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद ७७ मध्ये तशी तरतूद आहे. पण त्याच अनुच्छेदात पुढे असेही सांगितले आहे की असा आदेश ठरलेल्या नियमांप्रमाणे अधिप्रमाणित झाला पाहिजे. म्हणजेच आदेश राष्ट्रपतींच्या नावाने असला तरी त्याखाली हाडामांसाच्या एका अधिकाऱ्याची सही, त्याचे नाव आणि पदनाम असते. उद्या त्या आदेशाबद्दल प्रश्न उपस्थित झाला तर उत्तर कुणी द्यायचे, हे त्या सहीने ठरते. सगळ्या प्रशासनाचा डोलारा या एका साध्या गोष्टीवर उभा आहे.

आज मात्र आपल्या प्रत्येक कार्यालयात एक असे यंत्र बसलेले आहे, जे आदेश घेते, ते तत्क्षणी अंमलात आणते, आणि बहुतेक ठिकाणी त्या आदेशाखाली कुणाचीच सही नसते. हे यंत्र म्हणजे राउटर. कार्यालयातील संगणकांचे जाळे आणि बाहेरचे जाळे यांच्या सीमेवर ते बसते आणि माहितीचा कोणता तुकडा कोणत्या वाटेने जाईल हे ठरवते. त्यातील एक ओळ बदलली तर देयके मंजूर करणारी प्रणाली बंद पडू शकते, जिल्ह्याच्या कार्यालयाचा मुख्यालयाशी संपर्क तुटू शकतो, किंवा बाहेरच्या कुणासाठी मागचे दार उघडे राहू शकते. एवढी सत्ता ज्या यंत्रात आहे, त्यात शिरण्याचा अधिकार कुणाला, किती आणि किती काळ असावा, हा प्रश्न आपण अधिकारी मंडळी तांत्रिक विषय म्हणून संगणक कक्षाकडे सोपवून मोकळे होतो. माझे म्हणणे असे की हा विषय मुळात प्रशासनाचाच आहे. राउटरवरील वापरकर्त्यांची यादी ही अधिकार प्रदान करणाऱ्या आदेशाइतकीच महत्त्वाची आहे, आणि तिची जबाबदारी कार्यालयप्रमुखाची आहे.

हे यंत्र माणसाला कसे ओळखते ते आधी पाहू. प्रत्येक वापरकर्त्याचे त्यावर एक खाते असते. त्यात नाव, पासवर्ड आणि अधिकाराची मर्यादा अशा तीन गोष्टी असतात. भारतात अनेक कार्यालयांत असलेल्या सिस्कोच्या राउटरमध्ये अधिकाराच्या ० ते १५ अशा सोळा पातळ्या असतात. पातळी १ वर माणूस आत येऊन थोडेफार पाहू शकतो. पातळी १५ वर तो काहीही बदलू शकतो, अगदी दुसऱ्यांची खाती पुसूही शकतो. मधल्या २ ते १४ या पातळ्या मुद्दाम मोकळ्या ठेवलेल्या आहेत. कोणत्या पातळीला कोणते आदेश देता येतील, हे संस्थेने आपल्या गरजेप्रमाणे ठरवावे अशी त्यामागची कल्पना आहे. ज्युनिपर कंपनीच्या राउटरमध्ये हेच काम वापरकर्त्यांच्या वर्गांनी होते. फक्त वाचणारा, रोजचे काम पाहणारा आणि सर्वाधिकारी असे वर्ग तिथे तयारच मिळतात.

शासकीय सेवेतील वाचकांना ही रचना ओळखीची वाटेल. आपले वित्तीय अधिकार प्रत्यायोजन नियम, १९७८ चे आणि त्यांच्या जागी आलेले २०२४ चेसुद्धा, याच तत्त्वावर उभे आहेत. कुणी किती रकमेपर्यंत खर्च मंजूर करावा याची उतरंड तिथे ठरलेली असते. अमुक रकमेपर्यंत कार्यालयप्रमुख, त्यापुढे विभागप्रमुख, त्यापुढे मंत्रालय. कार्यालयातील प्रत्येकाला मंत्रालयाचे अधिकार देऊन टाकावेत, म्हणजे कामे लवकर होतील, अशी सूचना कुणी केली तर आपण तिला हसू. राउटरच्या बाबतीत मात्र नेमके हेच घडते. सोळा पायऱ्यांच्या जिन्याची खालची एक आणि वरची एक अशा दोनच पायऱ्या वापरात असतात, आणि पुष्कळ ठिकाणी तर फक्त वरची.

असे का होते? निविदा निघते, सर्वांत कमी दराचा पुरवठादार ठरतो, त्याचा अभियंता एक दिवस येऊन यंत्र बसवतो आणि त्यावर 'ॲडमिन' नावाचे एकच खाते उघडतो. त्याचा पासवर्ड तो संगणक कक्षातील कुणाला तरी सांगतो. त्यानंतर वार्षिक देखभाल करार दुसऱ्या कंपनीकडे जातो, तिच्या माणसांनाही तोच पासवर्ड दिला जातो. अधिकारी बदलून गुवाहाटीहून जोधपूरला जातात, जोधपूरहून कोळ्हिकोडला जातात, कंत्राटी कर्मचारी येतात आणि जातात, पासवर्ड मात्र जागचा हलत नाही. तो बदलला तर काहीतरी बंद पडेल, या भीतीने त्याला कुणी हात लावत नाही.

यात कुणाचा दुष्टावा नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात लाभ आणि खर्च यांची फारकत दिसते. प्रत्येकाचे वेगळे खाते उघडण्याचा त्रास, आणि त्यात काही चुकले तर बोलणी खाण्याचा धोका, आज जो कामावर आहे त्याच्या वाट्याला येतो. त्याचा लाभ मिळतो तो तीन वर्षांनी त्याच्या खुर्चीवर येणाऱ्याला, किंवा सबंध संस्थेला. ज्याने खर्च सोसायचा त्याला लाभ नाही, आणि ज्याला लाभ आहे तो अजून रुजूच झालेला नाही! अशा ठिकाणी केवळ सदिच्छेवर विसंबून चालत नाही, नियम करावा लागतो.

पुरवठादाराची बाजूही लक्षात घेतली पाहिजे. यंत्राच्या पूर्ण अधिकाराचा पासवर्ड केवळ त्याच्याकडेच असेल, तर कराराच्या नूतनीकरणाच्या वेळी स्पर्धा नावापुरतीच उरते. दुसरा कमी दराचा पुरवठादार आला तरी त्याला आधी जुन्याच्या दारात जावे लागते. कागदावर यंत्र सरकारच्या मालकीचे, जडसंग्रह नोंदवहीत त्याचा क्रमांकही आहे, पण किल्ली दुसऱ्याच्या खिशात. ही अडवणूक कुणी उघडपणे करत नाही. तशी वेळ येऊ शकते एवढी जाणीवच दर वाढवायला पुरेशी होते.

पण पैशाचा मुद्दा मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवीन. पहिला मुद्दा न्यायाचा आहे. काही वर्षांपूर्वी ईशान्येकडील एका राज्यातील कार्यालयाचा चौकशी अहवाल माझ्याकडे अभिप्रायासाठी आला होता. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तेथील राउटरची मांडणी कुणीतरी बदलली आणि ऐन देयकांच्या गर्दीत चार तास कार्यालयाचा संपर्क तुटला. यंत्राच्या नोंदीत वेळ होती, कार्यालयाच्याच जाळ्यातून कुणी आत आले होते हेही होते, आणि नाव होते 'ॲडमिन'. चौकशी अधिकाऱ्यांनी प्रामाणिकपणे मोजणी केली. हा पासवर्ड सात जणांना ठाऊक होता. दोन अधिकारी, एक बदलून गेलेले कनिष्ठ अभियंता, देखभाल कंपनीचे तिघे, आणि एकवट मासिक वेतनावर काम करणारा एक कंत्राटी संगणक चालक. शेवटी अहवालाने निष्कर्ष काढला की संगणक चालकाकडून ही गोष्ट घडल्याची शक्यता नाकारता येत नाही.

हे वाक्य सातही जणांबद्दल तितक्याच खरेपणाने लिहिता आले असते. मी अभिप्रायात तसे नोंदवले. परंतु तोवर त्या मुलाला कामावरून कमी करण्यात आले होते. तो कंपनीमार्फत नेमलेला असल्यामुळे त्याला शिस्तभंगविषयक नियमांचे संरक्षण नव्हते, आरोपपत्र नव्हते, आणि बाजू मांडण्याची संधीही नव्हती. कंपनीला एक पत्र गेले आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा आला. ज्याच्या नावाचे वेगळे खाते असते त्याला निदान एवढे तरी म्हणता येते की त्या वेळी मी आत नव्हतो, यंत्रालाच विचारा. सामायिक खाते हा बचावच हिरावून घेते. आणि अनुभव असा आहे की दोष जेव्हा कुणाचाच ठरवता येत नाही, तेव्हा तो उतरंडीवरून घरंगळत सर्वांत खालच्या माणसापाशी येऊन थांबतो.

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराचे आहे. तिथे महानगर प्रशासनाच्या फायबरवॅन या जाळ्याचे सर्वाधिकार टेरी चाइल्ड्स या एकाच अभियंत्याच्या हाती एकवटले होते. २००८ च्या जुलैमध्ये वरिष्ठांनी पासवर्ड मागितले तेव्हा त्याने ते देण्यास नकार दिला. मागणाऱ्यांना तसा अधिकार नाही, असे त्याचे म्हणणे होते. त्याला अटक झाली. शहराचे महापौर गॅव्हिन न्यूसम स्वतः तुरुंगात जाऊन त्याला भेटले, तेव्हा कुठे त्याने ते त्यांच्या हवाली केले. तोवर सुमारे बारा दिवस शहराला स्वतःच्याच जाळ्यात प्रवेश नव्हता. आश्चर्य म्हणजे या सगळ्या काळात जाळे सुरळीत चालू होते. २०१० मध्ये त्याला दोषी ठरवून चार वर्षांची शिक्षा झाली. खटल्याच्या गुणदोषांत मी शिरत नाही. प्रशासनाच्या दृष्टीने प्रश्न असा की पासवर्ड मागण्याचा अधिकार कुणाला आहे, हे वाद उद्भवण्यापूर्वी कुठे लिहून ठेवले होते काय? आपल्या त्या कार्यालयात किल्ली सात जणांकडे होती, तिथे एकाकडे होती. दोन्हीकडे उणीव एकच. किल्ल्यांची यादी संस्थेची नव्हती.

यादी नसण्याचा तिसरा धोका २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये जगासमोर आला. सिस्कोच्या आयओएस एक्सई या प्रणालीतील वेबवरून कारभार पाहण्याच्या सुविधेत एक दोष सापडला. त्याचा फायदा घेऊन हल्लेखोरांना कोणताही पासवर्ड नसताना यंत्रावर पातळी १५ चे नवे खाते उघडता येत होते. जगभरातील हजारो यंत्रे त्यात सापडली. काही ठिकाणी त्यांनी उघडलेल्या खात्यांची नावे तर अशी होती की ती कंपनीच्या मदत विभागाचीच वाटावीत. आता विचार करा, आपल्या राउटरवर किती खाती असायला हवीत हे ज्या कार्यालयाला ठाऊकच नाही, तिथे एक खाते जास्तीचे आहे हे कुणाच्या लक्षात येणार? हजेरीपटच नसेल तर वर्गात घुसलेला परका मुलगा ओळखायचा कसा?

केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०ब अन्वये निर्देश काढले. त्यांनुसार संगणकीय यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवायच्या, घडलेली घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची, आणि यंत्रांची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळेशी जुळती ठेवायची. हे निर्देश योग्य आहेत. पण नोंद १८० दिवस जपली आणि तिच्यात प्रत्येक ओळीत 'ॲडमिन' एवढेच असले, तर आपण काय जपले? वेळ सेकंदापर्यंत अचूक आणि माणूस अज्ञात!

यासाठी काय करता येईल? उपाय महाग नाहीत. बहुतेकांची सोय यंत्रात आधीपासूनच आहे.

पहिली गोष्ट, प्रत्येक माणसाचे त्याच्या नावाचे खाते. 'ॲडमिन', 'ऑफिस', 'सपोर्ट' अशी अनामिक खाती बंद. यादीवर कार्यालयप्रमुखाची सही आणि तारीख.

दुसरी, अधिकारांच्या किमान तीन पायऱ्या. कंत्राटी चालकाला जोडणी चालू आहे की नाही हे पाहता यावे एवढाच अधिकार. कनिष्ठ अभियंत्याला एखादे पोर्ट बंद-चालू करण्यासारखी रोजची कामे. संपूर्ण मांडणी बदलण्याचा अधिकार दोघांनाच. एकाला असेल तर सॅन फ्रान्सिस्को, सात जणांना असेल तर वर सांगितलेली चौकशी.

तिसरी, पुरवठादाराच्या माणसाचे खाते त्याच्या व्यक्तिगत नावाने आणि करार संपण्याच्या तारखेपर्यंतच. देयकाचा शेवटचा हप्ता देण्यापूर्वी ते बंद झाल्याचे प्रमाणपत्र फाइलवर असावे. जिथे हप्ता अडतो तिथे नियम पाळला जातो, हे आपण सर्वजण जाणतो.

चौथी, अडीअडचणीसाठी यंत्रावर एक राखीव सर्वाधिकारी खाते, ज्याचा पासवर्ड लाखबंद पाकिटात असेल. आपल्या कोषागारांत दुहेरी कुलुपाची पद्धत पूर्वापार आहे. एक किल्ली कोषागार अधिकाऱ्याकडे, दुसरी कोषपालाकडे. हे पाकीटही तसेच ठेवावे. ते उघडले की नोंदवहीत कारण लिहावे आणि दुसऱ्याच दिवशी पासवर्ड बदलावा.

पाचवी, कार्यभार हस्तांतरणाच्या अहवालात एक ओळ वाढवावी. माझे खाते अमुक तारखेस बंद करण्यात आले व वापरकर्त्यांची यादी उत्तराधिकाऱ्याने तपासून घेतली. आपण तिजोरीच्या किल्ल्या, शिक्के, वाहन आणि ग्रंथालयाची पुस्तकेसुद्धा मोजून देतो. मग हेच का राहावे?

सहावी, नोंदी राउटरमध्येच न ठेवता वेगळ्या संगणकावर पाठवाव्यात. यंत्राची स्मृती छोटी असते आणि वीज गेली की ती पुसली जाते. शिवाय ज्याच्यावर लक्ष ठेवायचे त्याच्याच ताब्यात वही देणे बरे नव्हे.

आणखी एक बारकावा सांगतो, कारण तो फारसा कुणी सांगत नाही. राउटरमध्ये मांडणीच्या दोन प्रती असतात, एक चालू आणि एक जतन केलेली. बदल केला की तो चालू प्रतीत लगेच लागू होतो, पण जतन केला नाही तर यंत्र बंद होऊन सुरू झाल्यावर नाहीसा होतो. म्हणजे तो तोंडी आदेशासारखा असतो. अंमल झाला, पण फाइलवर काही नाही. म्हणून एखादे खाते बंद केल्याचे सांगितले गेले तर ते दोन्ही प्रतींत बंद झाले आहे काय, असे विचारावे. नाहीतर एखाद्या रात्री वीज जाते आणि सेवामुक्त झालेला माणूस सकाळी पुन्हा सर्वाधिकारी होऊन बसतो.

यावर येणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला असा की देशभर शेकडो कार्यालये असताना प्रत्येक राउटरवर प्रत्येकाचे खाते उघडत बसणार कोण? याचे उत्तर तंत्रज्ञानात जुनेच आहे. रेडियस आणि टॅकॅक्स प्लस या पद्धतींमध्ये खाती एका मध्यवर्ती संगणकावर राहतात. लेहमधील किंवा श्री विजयपुरममधील राउटर आत येणाऱ्याची ओळख त्या संगणकाला विचारून पटवतो. एखाद्याची बदली झाली की एका ठिकाणी नाव काढले, सगळीकडून निघाले. टॅकॅक्स प्लसमध्ये तर दिलेला प्रत्येक आदेश तपासून परवानगी देता येते आणि त्याची नोंद राहते. रेडियससाठी फ्रीरेडियस ही मुक्त प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहे. मध्यवर्ती संगणकाशी संपर्क तुटला तर काय, या प्रश्नाचे उत्तर लाखबंद पाकिटातील खाते हेच आहे. आणि ज्या कार्यालयात एकच राउटर आणि चारच माणसे आहेत, तिथे मध्यवर्ती संगणकाचीही गरज नाही. यंत्रावरच चार नावे लिहिणे हे अर्ध्या तासाचे काम आहे.

दुसरा आक्षेप असा की यामुळे कामाला विलंब होईल. रात्री दोन वाजता जोडणी बंद पडली तर अधिकृत माणूस शोधत बसायचे काय? विलंब थोडा होईल हे मी मान्य करतो. पण धनादेशावर दोन सह्या घेण्यातही विलंब होतोच. कुठे विलंब सोसायचा आणि कुठे नाही, हे ठरवणे म्हणजेच प्रशासन.

तिसरा आक्षेप अधिक अवघड आहे. आम्हाला यातले कळत नाही, असे अनेक वरिष्ठ अधिकारी प्रांजळपणे सांगतात. पण पूल बांधता येत नसला तरी पुलाच्या देयकावर सही करताना आपण मोजमाप पुस्तक मागतोच. इथेही यंत्राची भाषा यायला हवी असे नाही. दर सहा महिन्यांनी राउटरवरील खात्यांची यादी कागदावर छापून मागवावी, आस्थापना शाखेच्या यादीशेजारी ठेवावी, आणि प्रत्येक नावापुढे तीन प्रश्न विचारावेत. हा माणूस आज आपल्याकडे आहे काय? त्याला इतका अधिकार कशासाठी? आणि तो कुणी दिला? या प्रश्नांना संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. ते आपण रोजच विचारतो, फक्त या यंत्रापुढे येऊन थबकतो.

विकेंद्रित सत्ता आणि निश्चित उत्तरदायित्व या दोन गोष्टी एकत्र नांदाव्यात यासाठी आपल्या पूर्वसूरींनी नियमांची मोठी चौकट उभी केली. कागदाचे राज्य होते तोवर ती चौकट सहीच्या रूपाने प्रत्येक टेबलापर्यंत पोचली होती. आता निर्णय तारांमधून वाहू लागले आहेत, म्हणून सहीची गरज संपलेली नाही. मार्चअखेरीस ज्या मुलाला कामावरून जावे लागले, त्याला एक वेगळे खाते हवे होते. त्याचा खर्च शून्य रुपये होता. वाचकांपैकी जे कार्यालयप्रमुख आहेत त्यांना एवढीच विनंती आहे की या आठवड्यात ती यादी मागवा. ती मिळायला दोन दिवसांहून अधिक वेळ लागला, तर ती आजवर कुणाचीच नव्हती असे समजा, आणि पहिली सही तुम्ही करा.